पांढऱ्या पायाचे वस्ताद

“स्कोर न्हाई सांगायचा, मास्तर. नुसतं तोंड दाखवा.”

मी तालमीच्या दारात पोचलो की आतून हा हुकूम यायचा. मग मी चौकटीत, तोंडावर उजेड पडेल असा उभा राहायचो. आत लंगोट लावून बैठका मारणारा एक धिप्पाड माणूस मधेच थांबायचा, डॉक्टर जीभ पाहतात तसं माझं तोंड निरखायचा आणि म्हणायचा, “गेला. जमलेला गेला ना? आं? बोलू नका!” आणि पुन्हा बैठका सुरू.

हे आमचे वस्ताद. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, आणि जालन्याच्या मस्तगड भागातल्या त्यांच्या सायकलच्या दुकानावर दोन्ही पिवळ्या रंगात रंगवलेली होती. पण ती पाटी वाचणारा माणूस परगावचाच समजावा. गाव त्यांना वस्ताद म्हणायचं, कारण दुकानामागच्या गल्लीतली तालीम तेच चालवायचे. दिवसभर सायकली भाड्याने द्यायच्या, पंक्चरं काढायची, आणि सकाळ-संध्याकाळ पोरांना जोर-बैठका, मलखांब आणि कबड्डी शिकवायची. गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालन्याचा तेव्हा जिल्हाही झाला नव्हता.

मी शाळामास्तर. नोकरी लागली, लग्न झालं आणि पोट सुटायला लागलं म्हणून तालमीत जाऊ लागलो. वस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात मुद्गल दिलं. दुसऱ्या दिवशी मी खांदा धरून गेलो, तेव्हा ते फार मायेने म्हणाले, “मास्तर, तुमचं शरीर इद्येचं हाय. तुमी पोरांचे जोर मोजा.” तेव्हापासून मी तालमीत नियमाने जाऊन दुसऱ्यांचे जोर मोजत असे. पोट होतं तिथेच राहिलं.

आता तुम्ही विचाराल, की रेडिओवर क्रिकेटचा सामना चालू असताना हा माणूस तालमीत काय करत होता, आणि मी दारात तोंड घेऊन का उभा होतो? त्याला कारण वस्तादांचे पाय.

मस्तगडात धावतं समालोचन ऐकायची जागा म्हणजे वस्तादांचं दुकान. रेडिओ त्यांचा, सेल त्यांचे, चहाही बहुतेक वेळा त्यांचाच. कसोटी सामना असला की दुकानापुढे अशी दाटी व्हायची, की सायकल न्यायला आलेला माणूस काम विसरून तिथेच पायरीवर टेकायचा. वस्ताद रेडिओला कान लावून सगळ्यांत पुढे. ते संघाला संघ म्हणत नसत, ‘आपले’ म्हणत. हॉकीतले आपले, क्रिकेटातले आपले. आणि तालमीची कबड्डीची टीम म्हणजे तर अगदी घरचे आपले.

एकदा आपली जोडी चांगली जमली होती. वस्ताद कुणाच्या तरी सायकलची चेन बसवून, हातपाय साबणाने स्वच्छ धुऊन दुकानात आले. उंबऱ्यात पाऊल पडतंय न पडतंय तोच एक गडी बाद. ते हळहळत चहा सांगायला बाहेर गेले, परत आले, तर दुसरा बाद. समोरचा पानवाला मोठा फाजील माणूस. तो तिथून ओरडला, “वस्ताद, तुमचे पाय पांढरे हायेत का काय वो!”

सगळे हसले. वस्तादही हसले. पण हसता हसता त्यांनी खाली पाहिलं. आणि तुम्हाला सांगतो, मीही पाहिलं. साबणाने घासलेले त्यांचे पाय त्या दिवशी खरोखरच गोरेपान दिसत होते.

पांढऱ्या पायाचा म्हणजे अपशकुनी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पायांचा रंग बघून त्याच्यावर इलाज करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी वस्ताद तालमीच्या हौदात उतरले. तेल, ताक, हळद घालून मुरवलेल्या त्या लाल मातीत त्यांनी घोट्यापर्यंत पाय घोळवले आणि तसेच येऊन रेडिओपुढे बसले. त्या दिवशी आपले हरले नाहीत. जिंकलेही नाहीत, सामना अनिर्णित राहिला. पण वस्तादांना तेवढा पुरावा बस झाला.

तेव्हापासून मस्तगडात लाल पावलं उमटायला लागली. वस्ताद कुठून कुठे गेले हे कुणाला विचारावं लागत नसे. दुकान ते तालीम, तालीम ते पानाची टपरी, टपरी ते घर. घरी वहिनींनी दहादा फरशी पुसली आणि अकराव्यांदा फडकं त्यांच्याच हातात दिलं. महालक्ष्म्यांच्या सणाला वहिनी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं काढत होत्या आणि वस्ताद त्यांच्यावरून लाल पायांनी चालत आले. मी तेव्हा प्रसादाला गेलेलो.

“म्या काढलेली पावलं पांढरीच हायेत न्हवं?” वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “मंग लक्ष्मीबी पांढऱ्या पायाची म्हना की!”

वस्तादांनी जरा विचार केला. “ती देवी हाय. तिला चालतंय,” ते म्हणाले. “मी सायकलवाला हाय.”

यावर वहिनींनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी पुरणपोळीत लक्ष घातलं.

पुढे लाल मातीही पुरेना. आपले परदेशात जाऊन एकदा असे काही कोसळले, की वस्तादांनी स्वतःलाच हद्दपार केलं. सामन्याच्या दिवशी रेडिओ लावायचा, आवाज बरोबर करायचा, सगळ्यांना बसायला जागा करून द्यायची आणि आपण तालमीत निघून जायचं. तिथे स्वस्थ बसवत नाही, म्हणून बैठका. कसोटी पाच-पाच दिवस चालायची. मराठवाड्यात एवढ्या जाड मांड्यांचा माणूस दुसरा नव्हता, आणि त्या क्रिकेटने घडवलेल्या होत्या हे बाहेरच्या कुणाला सांगून पटलं नसतं.

स्कोर ऐकायचाही नाही, कारण कानांचाही भरवसा नव्हता. म्हणून अधूनमधून मी जाऊन तोंड दाखवायचं, असं ठरलं. माझं तोंड त्यांना पाठ झालं होतं. भुवई वर असली तर चौकार, ओठ दाबलेले असले तर एक बाद, आणि मी दाराबाहेरच घुटमळलो तर सगळं आटोपलं. एकदा माझी दाढ ठणकत होती. मी गाल धरून, डोळ्यांत पाणी आणून दारात उभा राहिलो. वस्तादांनी एकच नजर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून अशा काही बैठका सुरू केल्या, की हौदातली पोरं कुस्ती सोडून बघत राहिली. दुकानात तेव्हा आपले जिंकल्याचे पेढे वाटले जात होते. पेढा घेऊन पानवाला तालमीत आला तेव्हा वस्ताद घामाने निथळत होते आणि मला म्हणाले, “मास्तर, दात काढून टाका. आजच.”

हे सगळं हसण्यावारी जायचं. कबड्डीचं मात्र तसं नव्हतं.

कबड्डीची टीम वस्तादांनी माती कालवण्यापासून उभी केलेली. तिचा कप्तान मिलिंद. त्याचे वडील जिनिंग फॅक्टरीत गाठी उचलायचे. बौद्ध कुटुंब, शिक्षणाची ओढ असलेलं; मिलिंद कॉलेजात शिकत होता. तो पहिल्यांदा तालमीत आला तेव्हा तालमीच्या एका जुन्या पंचांनी कुरकुर केली होती, की हौदात कोण कोण उतरायचं याला काही रीत आहे. वस्ताद तेव्हा माती खणत होते. फावडं न थांबवता म्हणाले, “हौदात उतरल्यावर समदे लाल. मंग तुमी वळखून दावा, कोन कोन हाय ते.” पंच पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, आणि मिलिंद दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी तालमीत हजर असायचा. वाऱ्यासारखा पळायचा तो. चढाईला गेला की समोरच्या संघाला कापरं भरायचं.

आणि तरीही आमची टीम हरायची. अंबडला हरली, परतूरला हरली, कुंभार पिंपळगावच्या स्पर्धेत तर दर साली ठरल्यासारखी हरून यायची. वस्ताद टीमबरोबर जायचे, नारळ फोडायचे, पोरांच्या पाठी थोपटायचे आणि सामना सुरू व्हायच्या आत कुठेतरी झाडामागे, भिंतीमागे, पाठ करून बसायचे. सामन्याआधी वस्तादांच्या पाया पडायची तालमीची रीत. पण पोरं वाकली की आमचे वस्ताद टुणकन उडी मारून मागे सरायचे. “मातीला हात लावा. मला न्हाई.” एवढा आडदांड माणूस असा उड्या मारताना पाहून लोक हसायचे.

हरून आलं की वस्तादांचं ठरलेलं वाक्य असायचं. “चूक माझी. नारळ फोडताना माझी नजर गेल्ती मैदानावर.” कधी मान वळली म्हणून, कधी सावली पडली म्हणून, कधी पायाची माती वाळून झडली म्हणून. पोरांना ते चकार शब्द बोलत नसत. उलट हरलेल्या दिवशी स्वतःच्या खिशातून भजी खाऊ घालायचे.

एके संध्याकाळी मिलिंद मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाला, “सर, तुमी मुलांच्या वहीत लाल शाई लावता ना?”

“लावतो की.”

“आमाला कुनीच लावत न्हाई. आमी चुकतो, आन वस्ताद म्हनतेत त्येंच्या पायानं झालं. मंग आमी सुधरावं कसं?”

मी थक्क झालो. इतकी वर्षं मी वस्तादांच्या पायांवर हसत आलो होतो, पण त्या पायांखाली एक अख्खी टीम अडकून पडली आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वस्तादांनी आपली टीम सामन्यात खेळताना कधी पाहिलीच नव्हती. चूक कुठे होते ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पोरांना सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी वस्तादांकडे विषय काढला. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. सापडलेलं भोक त्यांनी बोटाने दाबून धरलं. मग म्हणाले, “मास्तर, जीव लई व्हतो वो बघायचा. लोक सांगतेत, मिलिंदा असा पळतो अन् तसा पळतो. सरावाला पळतो ते येगळं. लोकांच्या म्होरं कसा पळतो, ते मला ठाऊकच न्हाई.” आणि मग ट्यूबकडेच बघत, “पन माझ्या हौसेपायी पोरांनी कामून हरावं?”

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. पोटच्या पोराचं लग्न लागत असताना मांडवाबाहेर उभ्या राहिलेल्या बापासारखं होतं ते सगळं.

त्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या स्पर्धेला मीही गेलो. कापसाचे दिवस होते. बाजाराच्या मैदानावर कबड्डीची पटांगणं आखलेली, काळ्याभोर मातीवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा. आमची टीम त्या खेपेला अशी खेळली, की आम्ही थेट अंतिम सामन्यात पोचलो. वस्ताद कापसाच्या एका गाडीमागे, चाकाला टेकून, मैदानाकडे पाठ करून बसले होते. घरून निघताना पाय हौदात घोळवून आलेले. प्रत्येक सामन्यानंतर मी जाऊन तोंड दाखवायचो आणि ते हात जोडून चाकाच्याच पाया पडायचे.

अंतिम सामना परभणीकडच्या एका तगड्या संघाशी होता. गर्दी वाढली, पंचांनी शिटी वाजवली, समोरचा संघ मैदानात उतरला. आमचा उतरेना. बघतो तर मिलिंद गर्दीतून वाट काढत गाडीकडे चाललेला, आणि मागोमाग सगळी टीम. मीही पळालो.

“वस्ताद, चला. रेषेला बसा,” मिलिंद म्हणाला.

“येडा झाला का? जा, पंच शिटी वाजवून राह्यलेत.”

“वाजवू द्या. तुमी आल्याशिवाय आमी उतरत न्हाई.”

“अरं हराल रे! इथपस्तोर आले, आता माझ्या पायानं कामून घालवता?”

“मागल्या साली तुमी त्या आंब्यामागं बसल्ते. हरलोच ना? तुमी न बघता आमी काय जिंकून राह्यलो का?”

“चोरून बघितलं असंल मी,” वस्ताद पुटपुटले.

मिलिंद त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज खाली आला. “माझ्या आज्याच्या सावलीला लोक भ्यायचे, वस्ताद. इटाळ व्हतो म्हनायचे. तुमी मला हौदात घेतलं तव्हा काय म्हन्लं व्हतं? हौदात समदे लाल. आन आता मी तुमच्या पायाला भिऊ का?”

पलीकडे पंचांची शिटी पुन्हा वाजली.

“आन इथली माती काळी हाय,” मिलिंद म्हणाला. “इथं समदे काळे. खाली बघा की.”

वस्तादांनी खाली पाहिलं. दिवसभर त्या रानमातीतून फिरून त्यांच्या पायांवरचा लाल रंग पार गेला होता. दोन्ही पाय घोट्यापर्यंत काळे कुळकुळीत. ते तसेच बघत राहिले. मग गाडीच्या चाकाला धरून उठले आणि मैदानाकडे चालू लागले. मी मनात म्हटलं, देवा, आज तरी जिंकू दे. एवढ्यासाठी तरी.

आम्ही बाजूच्या रेषेला लागून बसलो. तोंड पाहायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. सामना मी अर्धामुर्धाच पाहिला असेन, कारण माझे डोळे वस्तादांच्या तोंडावर होते. पहिली चढाई झाली तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटलेले होते. मग एक उघडला. मग दुसरा. मिलिंद चढाईला गेला तसं त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघणाऱ्या पोराचं असतं ना, तसं तोंड. माझा गुडघा त्यांनी धरून ठेवला होता आणि मिलिंद पळाला की ते तो दाबायचे. आठवडाभर मी लंगडत होतो.

“मास्तर,” ते मधेच म्हणाले, “हे पोरगं उडून राह्यलं वो!”

एका गुणाने आम्ही मागे होतो आणि शेवटची चढाई मिलिंदची होती. त्याने आत घुसून एकाला शिवलं, वळता वळता दुसऱ्यालाही शिवलं. आता नुसतं परत यायचं होतं. मैदान उभं राहून ओरडत होतं. मिलिंद कोपऱ्याच्या बाजूने, रेषेच्या अगदी कडेकडेने पळाला, मध्यरेषा हाताच्या अंतरावर आली आणि पंचांनी शिटी वाजवून हात बाहेर दाखवला. पाय रेषेवर पडला होता. मिलिंद बाद, आणि आम्ही हरलो.

परभणीकडच्यांनी जल्लोष केला. मी वस्तादांकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती आणि ते आपल्या पायांकडे बघत होते. ओठ हलले. “चूक माझी...” एवढं मला ऐकू आलं. वाटलं, झालं. हा माणूस आता जन्मात पुन्हा मैदानावर यायचा नाही.

तेवढ्यात मिलिंद धापा टाकत आला. वस्तादांच्या समोर धपकन मातीत बसला, आणि आपला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून त्यांच्या नाकापर्यंत वर केला.

काळ्या मातीने माखलेला तळवा, आणि त्याच्यावर आडवा, फक्कीचा ठसठशीत पांढरा पट्टा.

“हा बघा,” मिलिंद म्हणाला. “पांढरा पाय कुनाचा हाय, सांगा. तुमचा का माझा?”

वस्तादांनी तो तळवा पाहिला. बोटाने पांढरं पुसून पाहिलं. मग स्वतःचे काळे पाय पाहिले. मग पुन्हा तळवा. त्यांच्या तोंडावर जे काही सरकत गेलं ते वाचण्यात मी इतकी वर्षं घालवली असती तरी मला ते नीट सांगता आलं नसतं. आणि मग, उभ्या कुंभार पिंपळगावला ऐकू जाईल अशा आवाजात, ते गरजले.

“अरं मंग रेषा बघ की, आंधळ्या! रेषा काय तुझ्या लग्नातली रांगोळी हाय का, पाय पडला तरी चालतंय? दोन गडी मारल्यावर कोपऱ्याला कामून पळाला? मधून यायचं व्हतं ना, जल्दी! आन तू रे, उजव्या कोपऱ्यातल्या! झोपला व्हता का तिथं? साखळी तुटली तव्हा हात कुठं व्हता तुझा, खिशात? चड्डीला खिसा तरी हाय का?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. उजव्या कोपऱ्यातला तर डोळे पुसता पुसता हसत सुटला. “वस्ताद शिव्या देऊन राह्यलेत!” तो ओरडला. विजेत्यांची ढाल परभणीकडे गेली होती, पण आमच्या पोरांची तोंडं बघून कुणालाही उलटंच वाटलं असतं.

एस.टी.त बसल्यापासून जालना येईपर्यंत वस्ताद बोलतच होते. कुणाचा दम कुठे तुटला, कुणी पकड उशिरा केली, कोण कुणाच्या पाठीमागे लपला, सगळं. एका सामन्यात त्या माणसाने इतक्या वर्षांचं पाहून घेतलं होतं. स्टँडवर उतरताना म्हणाले, “उद्या पहाटं तालमीत. समदे. बिलकुल दांडी न्हाई.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “हरले मास्तर. पन काय खेळले वो आपले! मी बघितलं ना!”

दुसऱ्या दिवशी तालमीपुढच्या पटांगणात त्यांनी स्वतः फक्कीची रेषा आखली आणि मिलिंदला तिच्या कडेने दमेपर्यंत पळवलं. पुढच्या साली कुंभार पिंपळगावची ढाल आमच्या तालमीत आली. त्याच्या पुढच्या सालीही.

वस्तादांची शकुनाची खोड मात्र गेली असं समजू नका. फक्त तिचा मोहरा बदलला. आता प्रत्येक सामन्याला ते रेषेला लागून बसायचे, आणि पोरं पाया पडायला आली की उडी न मारता पाय पुढे करायचे. मिलिंद कुणाच्याच पाया पडत नसे. त्याच्या बौद्ध घरात ते सोडून दिलेलं होतं. तो उलट आपलाच पाय वस्तादांना दाखवायचा. ताज्या फक्कीवर उजवा पाय दाबायचा, वळून तळवा वर करायचा, आणि वस्ताद ओरडायचे, “अरं रेषा बघ की, आंधळ्या!” पंच वैतागायचे, कारण रेषा फिस्कटायची. पण हे झाल्याशिवाय सामना सुरू होऊ द्यायला वस्ताद तयार नसत. न केलं तर हरू, म्हणायचे. रेडिओही ते आता दुकानात बसून ऐकायचे, धुतलेल्या पायांनी, आणि चेंडू सोडणाऱ्या क्षेत्ररक्षकाला मस्तगडातून दम द्यायचे. वहिनींची फरशी कायमची स्वच्छ झाली. पानवाला म्हणायचा, यापेक्षा पांढरे पाय बरे होते, निदान दुकानात शांतता होती.

ते दशक संपता संपता वस्ताद गेले. आदल्या संध्याकाळी तालमीत पोरांवर ओरडून घरी आले, जेवले, झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. दुकान काही दिवस बंद राहिलं. तालमीकडे जाणाऱ्या गल्लीत माझी पावलं वळायची आणि मधेच थांबायची. तोंड दाखवायला आता कुणाकडे जायचं हे मला खरोखरच कळत नव्हतं.

पुढे महिन्याभरात जालन्यातच एक सामना होता. मी गेलो. रेषेला लागून, नेहमीच्या जागी बसलो. शेजारची जागा लोकांनी आपसूकच सोडलेली. टीम मैदानात आली. पोरांनी मातीला हात लावून कपाळाला लावला. मिलिंद चालत चालत बाजूच्या रेषेपाशी आला, सवयीने उजवा पाय फक्कीवर दाबला, वळला आणि तळवा वर केला.

आणि तसाच थांबला. एका पायावर, पांढरा तळवा त्या रिकाम्या जागेकडे करून. पंच शिटी तोंडात धरून उभे राहिले. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड त्याला कसं दिसलं असेल कोण जाणे.

मी साधा शाळामास्तर. वर्गातसुद्धा कधी आवाज चढवला नाही. पण त्या दिवशी मी उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा जोर करून ओरडलो, “अरं रेषा बघ की, आंधळ्या!”

आवाज मधेच फाटला. पण मिलिंदने पाय खाली ठेवला, पंचांनी शिटी वाजवली, आणि सामना सुरू झाला.